ओटीचे गाऊन, लाँड्री आणि टॅग: कुणाच्या हॉस्पिटलात लावलेत का?

सुरंगी
११ जून, रात्री ९:४०

नमस्कार. इथे रोज वाचते पण धागा पहिल्यांदाच काढतेय. मी नर्स आहे, फोंडा तालुक्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात, नाव लिहीत नाही. आधी बारा वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात होते, आता दोन वर्षं झाली इन्फेक्शन कंट्रोल आणि लिनन दोन्ही माझ्याकडे. लिनन म्हणजे चादरी, ऑपरेशनच्या वेळी पेशंटवर घालायचे ड्रेप, ओटीचे हिरवे गाऊन, पेशंटचे गाऊन, सगळंच आलं त्यात.

दर महिन्याच्या शेवटी मोजणी होते आणि दर महिन्याला गाऊन कमी भरतात. मे महिन्यात सतरा कमी भरले. रजिस्टरात काय दिसतं तर ओटीतून इतके गेले आणि लाँड्रीतून इतके आले, मधे कुठे काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. मग बोट कुणाकडे जातं? लाँड्रीतल्या मावशीकडे. तिच्या पगारातून पैसे कापायचं ठरलं, दोन हप्त्यांत, पहिला हप्ता कापला पण. ती सोळा वर्षं तिथे काम करते, सकाळच्या पहिल्या बसने येते. मी स्वतः तिला रक्ताने भिजलेले गाऊन एक एक करून मोजताना बघितलंय, का तर फक्त आकडा जुळावा म्हणून. खरं तर ते गाऊन झटकायचेसुद्धा नसतात, जिथे काढला तिथेच पिशवीत भरायचा आणि पिशवी बांधून टाकायची, मोजत बसलं की त्यातलं हवेत उडतं, हाताला लागतं. गेल्या वर्षी गाऊनच्या घडीत राहिलेली सुई तिच्या बोटात गेली. नंतर सहा महिने ती तपासणीचे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे यायची आणि मी वाचून सांगेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायची. ते मी विसरू शकत नाही.

आता एका कंपनीचा माणूस डेमो देऊन गेला. करंगळीएवढी रुंद, बोटभर लांब, पांढरी कापडी पट्टी, तिलाच टॅग म्हणतात. म्हणाला ही गाऊनच्या शिवणीत शिवायची, मग बंद पिशवी रीडर नावाच्या यंत्रासमोर नेली की आत किती गाऊन आणि कुठले ते आपोआप येतं, उघडायला नको. ऐकून छान वाटलं पण माझे प्रश्न खूप आहेत. वाफेने निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमध्ये टिकेल का? ओल्या कपड्यात वाचेल का? ओटीतल्या मशिनींना त्रास होईल का? आणि सगळ्यात मोठा, हे पुन्हा मावशीवरच नजर ठेवायला वापरलं जाईल का? कुणाला अनुभव असेल तर मनापासून सांगा.

मांडवीकाठ
११ जून, रात्री १०:१५

ताई, आधी मावशींचे पैसे कापणं थांबवा, हिशेब नंतर लागत राहील. पुरावा नसताना पगार कापतात हे वाचून फार वाईट वाटलं.

साधा प्रश्न, मार्करने नंबर घालून चालणार नाही का? किंवा बारकोड?

मडवळाचा_नातू
११ जून, रात्री १०:५०

मार्करवरून आठवलं. आमचे आजोबा मडवळ, म्हणजे धोबी, डिचोली बाजारात घरोघरचे कपडे न्यायचे. खूण घालायचे बिब्ब्याची. सुईच्या टोकाने बिब्ब्याचा रस कॉलरच्या आत, प्रत्येक घराची खूण वेगळी, कुणाची तीन टिंबं, कुणाची आडवी रेघ. कितीही धुवा, उन्हात टाका, खूण जात नसे, कापड फाटायचं पण खूण राहायची. आजोबांना लिहिता वाचता येत नव्हतं पण दीडशे घरांचे कपडे कधी अदलाबदल झाले नाहीत. बिब्बा मात्र कातडीला वाईट, ओला लागला तर फोड येतात, खूण घातलेल्या कपड्याने मानेला पुरळ येणारी माणसंसुद्धा होती. हॉस्पिटलात ते चालणार नाहीच. पण कपड्यानेच आपण कुणाचा ते सांगावं, ही गरज जुनी आहे एवढंच सांगायचं होतं.

आरएफवाला_वेर्णा
१२ जून, सकाळी ७:२०

सुरंगीताई, मी याच क्षेत्रात आहे, हॉस्पिटलात नाही पण कारखान्यांच्या गोदामांत हेच टॅग रीडर बसवतो. जमेल तसं सांगतो.

तुमच्या गाडीच्या काचेवर फास्टॅग असेल ना, पुण्याला जाताना किणी टोलनाक्यावर वाचला जातो तो, तीच पद्धत. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडर रेडिओ लहरी सोडतो, टॅगमधली तार त्या लहरींतूनच जराशी ऊर्जा घेते, चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. टॅग घेताना या पट्ट्यावर नीट चालतो ना ते विचारा, कारण अमेरिकेत ९०२ ते ९२८ वापरतात आणि तिथल्यासाठी जुळवलेला टॅग इथे कमी अंतरावरून वाचला जातो. बारकोडचं म्हणाल तर तो डोळ्यासमोर यावा लागतो, एकेक गाऊन उलगडून दाखवा, म्हणजे मावशी पुन्हा तेच करत बसणार. रेडिओ टॅगला कापड आड आलं तरी चालतं आणि शंभर टॅग असले तरी रीडर एकेकाला पाळीपाळीने बोलायला लावतो, काही सेकंदांत.

टिकण्याचं. लाँड्रीसाठीचे टॅग वेगळे येतात, अँटेना म्हणजे बारीक स्टीलचा धागा कापडात विणलेला आणि मधे बंद केलेली चिप. चांगल्या कंपन्या साधारण २०० धुलाया सांगतात. पाणी पिळून काढणाऱ्या प्रेसचा दाब ६० बारपर्यंत सोसतात, आणि ऑटोक्लेव्हचे १३४ अंशसुद्धा. पण हे डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं हवं, सेल्समनच्या तोंडी नको. स्टिकरसारखा साधा टॅग स्वस्तात देऊ करतील, तो पहिल्याच ऑटोक्लेव्हला जाईल.

आता अडचण. पाणी या लहरी शोषून घेतं. सुका गाऊन तीनचार मीटरवरून वाचला जाईल, तोच गच्च ओला झाला आणि पिशवीच्या मध्यभागी दबला तर हातभर अंतरावरूनही चुकेल. धातू लहरी परतवतो, म्हणून स्टीलच्या बंद ट्रॉलीत ठेवून वाचायला जाऊ नका. आणि दोन टॅग बरोब्बर एकमेकांवर चिकटले तर एक दुसऱ्याला झाकतो. म्हणजे मळक्या बाजूची मोजणी थोडी कमी येणार हे धरून चला आणि खरा भरवसा सुक्या बाजूच्या मोजणीवर ठेवा.

सुरंगी
१२ जून, दुपारी २:३०

देव बरे करू दादा, एवढं व्यवस्थित कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे गाऊन गुंडाळून १२१ अंशावर लावतात, घाई असेल तर १३४ वर. रक्ताचे असतील तर आधी हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या पाण्यात भिजवतात. त्याने टॅग खराब होईल का?

आरएफवाला_वेर्णा
१२ जून, संध्याकाळी ६:०५

धुलाईतल्या ब्लीचचा विचार टॅग बनवताना केलेला असतो, पण रात्रभर बुडवून ठेवाल तर टॅगच्या आधी तुमचं सुती कापडच मरेल. वेळ पाळा, नंतर नीट खंगाळा.

कळंगुट_लाँड्री
१२ जून, रात्री ११:१०

मी हॉटेलांच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे, हॉस्पिटलचं लिनन आम्ही घेत नाही, पण टॅग तीन वर्षं वापरतोय, टॉवेल, बाथरोब, बेडशीट. जे चुकलं ते सांगतो म्हणजे तुमचं चुकणार नाही.

आधी आम्ही टॅग हेमच्या, म्हणजे शिवलेल्या कडेच्या टोकाला कोपऱ्यात लावले, इस्त्री करणाऱ्या कॅलेंडर मशिनीच्या गरम रोलरमधून शीट जाताना कोपरा दुमडायचा आणि टॅग वाकायचा, बरेच मेले. मग कोपऱ्यापासून वीतभर आत, हेमच्या दुमडीत सरकवून दोन्ही बाजूंनी शिवण घातली तेव्हा टिकले. टॅगच्या मधल्या चिपवरून सुई जाता कामा नये, टेलरला हे दहादा सांगावं लागतं. दुसरं, आम्ही दरवाज्याला रीडरचं गेट बसवलं आणि पलीकडच्या रॅकवर ठेवलेले टॉवेलसुद्धा दिवसभर आपले वाचले जायचे, सॉफ्टवेअरला वाटायचं हे सारखे आतबाहेर करतायत. शेवटी रीडरची पॉवर कमी केली, रॅक लांब हलवले. तुम्ही सुरुवातीला गेटच्या भानगडीत पडूच नका, हातातला रीडर घ्या. पिशवीवरून एकदा फिरवायचा, पिशवी उलटी करून पुन्हा फिरवायचा. ओल्या मालाला तीनदा.

आणि ताई, आमच्याकडेही कमी भरलेला माल चोरीलाच गेला असं सगळे धरून चालायचे. टॅग लावल्यावर कळलं की बराचसा माल एका हॉटेलचा दुसऱ्या हॉटेलात जात होता, चुकून. त्या सगळ्या वर्षांत ज्या पोरांना बोलणी बसली त्यांची भरपाई कोण करणार, हा प्रश्न मला अजून छळतो.

भूलवाला
१३ जून, सकाळी ६:४५

मी भूलतज्ज्ञ आहे. दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत, त्या कंपनीचा माणूस सांगणार नाही.

एक, एमआरआय. पेशंट जो गाऊन घालून आत जातो त्यात स्टीलच्या धाग्याची अँटेना असेल तर ती एमआरआयच्या लहरींनी तापू शकते. कपड्यातल्या धातूच्या बारीक धाग्यांनी एमआरआयमध्ये पेशंट भाजल्याच्या घटना नोंदल्या गेलेल्या आहेत. १.५ आणि ३ टेस्लाच्या मशिनीसाठी तपासून एमआर कंडिशनल, म्हणजे ठरलेल्या अटींत एमआरआयमध्ये चालतील असे, म्हणून प्रमाणित केलेले लाँड्री टॅग मिळतात, पेशंटच्या गाऊनसाठी तेच घ्या. नसतील तर एमआरआयचे गाऊन वेगळ्या रंगाचे ठेवा आणि त्यांना टॅगच लावू नका. यात कुठलीही सूट नको.

दोन, आयसीयू. २००८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ४१ वैद्यकीय उपकरणांजवळ असे रीडर चालवून बघितले, पेशंट नसताना. १२३ चाचण्यांत ३४ वेळा उपकरणावर परिणाम झाला, त्यातले २२ त्यांनी धोकादायक धरले. व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, बाहेरून लावायचे पेसमेकर अशी उपकरणं होती. परिणाम झाला ते अंतर साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास, काही वेळा त्याहून बरंच जास्त. तेव्हापासून उपकरणं बदलली असली तरी माझा नियम सरळ आहे, रीडर ओटीच्या आणि आयसीयूच्या आत येणार नाही. टॅग आत आला तर काही होत नाही, तो स्वतःहून लहरी सोडत नाही, बोलतो फक्त रीडरने विचारलं की. वाचायचं ते लाँड्रीच्या दारात आणि लिनन स्टोअरमध्ये.

राहिली गोष्ट गाऊनची. तुमचे हिरवे गाऊन सुती असतील ना? सुती कापड ओलं झालं की त्यातून रक्त आणि जंतू आरपार जातात, म्हणून तर आपण आत प्लॅस्टिकचा ॲप्रन घालतो. पुन्हा वापरायचे चांगले पॉलिएस्टरचे बॅरियर गाऊन मिळतात, दाट विणीचे. त्यांचं आयुष्य बनवणारा धुलायांत सांगतो, बऱ्याचदा ७५. पण त्याच्या ७५ धुलाया झाल्या की नाही हे बहुतेक हॉस्पिटलांत कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, सिस्टर कापड उजेडात धरून बघते आणि अंदाज करते. माझ्या दृष्टीने टॅगचं सगळ्यात मोठं काम हे आहे. हरवलेला गाऊन पैशाचं नुकसान करतो, आयुष्य संपलेला गाऊन सर्जनला आणि पेशंटला इन्फेक्शन देऊ शकतो.

सुरंगी
१३ जून, सकाळी ८:१०

डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला, एमआरआयचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे एमआरआय नाही पण पेशंट बाहेर पाठवतो ते आमच्याच गाऊनमध्ये पाठवतो! म्हणजे पेशंटच्या गाऊनला हात लावायचा नाही, फक्त ओटीचे बॅरियर गाऊन. आमच्याकडे ते आहेत, थोडे आहेत, आणि तुम्ही म्हणता तसं उजेडात धरूनच बघतो आम्ही. कंडेम, म्हणजे बाद करायचा की नाही यावर दर वेळी वाद.

क्ष_किरण
१३ जून, रात्री ९:३०

मी रेडिओग्राफर. गाऊनवरून विषय निघालाय तर एक्स-रे अडवणारा लेड, म्हणजे शिशाचा ॲप्रनसुद्धा त्यातच घ्या, तोही पुन्हा पुन्हा वापरायचा कपडाच आहे आणि किंमत एका गाऊनच्या कितीतरी पट. सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशनच्या वेळच्या एक्स-रे मशिनीखाली काम करताना घालतात तो, ०.२५ किंवा ०.५ मिलिमीटर शिशाच्या बरोबरीचा. तो घडी घालून ठेवला की आतल्या थराला भेगा पडतात, वरून दिसत नाहीत, म्हणून हँगरवर टांगायचा आणि वर्षातून एकदा फ्लुरोस्कोपीखाली, म्हणजे चालू एक्स-रेखाली धरून भेगा तपासायच्या. प्रत्यक्षात काय होतं, ऑर्थोचा ॲप्रन हृदयाच्या कॅथ लॅबमध्ये, कॅथ लॅबचा एंडोस्कोपीत, तपासणीच्या दिवशी निम्मे सापडत नाहीत. जे सापडत नाहीत तेच बहुतेक खुर्चीच्या पाठीवर दुमडून टाकलेले असतात, म्हणजे ज्यांची तपासणी सगळ्यात गरजेची तेच सुटतात. माझ्यासोबत काम करणारी मुलगी गरोदर असताना मी दोन दिवस नीट तपासलेला ॲप्रन शोधत होतो.

टॅग लावायचा तर थेट शिशावर चिकटवू नका, धातूमुळे तो मुका होतो. वर कॉलरपाशी कापडाची छोटी जीभ शिवून त्यात लावा, शिशापासून सुटा. आणि प्रत्येक टॅगला शेवटच्या तपासणीची तारीख जोडा.

पिवळी_पिशवी
१४ जून, दुपारी १२:००

एक जागा सगळे विसरतायत. बायोमेडिकल वेस्टच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेलं टाकून द्यायचं लिनन पिवळ्या पिशवीत जातं. पिशवीला बारकोड लागतो, पण आत काय गेलं ते कोण बघतो? रात्रपाळीला दमलेला माणूस डिस्पोजेबल गाऊन आणि कापडी गाऊन एकाच पिशवीत कोंबतो. पिशवी कुंडईच्या वैद्यकीय कचऱ्याच्या प्रकल्पाकडे गेली की संपलं, तो गाऊन परत येणार नाही आणि शिक्षा लाँड्रीला. सुरंगीताई, तुमचे सतरातले काही तिथे गेले असणार असं मला वाटतं. गाडी यायच्या आधी पिवळ्या पिशव्यांवरून बाहेरूनच रीडर फिरवा.

मडकईचा_पोर
१४ जून, रात्री १०:२५

माझी आई एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती, एकवीस वर्षं. गेल्या वर्षी सुटली. हा धागा तिला वाचून दाखवला, मावशीचा भाग ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे. यंत्र चांगलं की वाईट हे यंत्रावर नसतं, रिपोर्ट कुणाच्या टेबलावर जातो त्यावर असतं. आईच्या हॉस्पिटलात सीसीटीव्ही बसवले तेव्हा सांगितलं पेशंटच्या सुरक्षेसाठी, आणि पहिला मेमो कुणाला मिळाला तर चहा प्यायला पाच मिनिटं जास्त बसलेल्या बाईला. तुम्ही टॅग लावलेत तर पहिल्या दिवशी ठरवून घ्या, लेखी, की माणसाचं नाव टॅगच्या नोंदीत येणार नाही. गाऊन कुठून निघाला आणि कुठे पोचला एवढंच. आणि मोजणीची एक प्रत लाँड्रीत काम करणाऱ्याच्या हातात, रोजच्या रोज. माझ्या आईकडे असा एक कागद असता तर तिने एकवीस वर्षं खाली मान घालून काढली नसती.

सुरंगी
१४ जून, रात्री ११:४०

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तू लिहिलेलं जसंच्या तसं मेट्रन मॅडमना दाखवणार आहे.

आरएफवाला_वेर्णा
१५ जून, सकाळी ७:००

पोराचं म्हणणं तांत्रिक दृष्टीनेही बरोबर आहे. टॅगच्या आत नावगाव घालायची गरजच नसते, नुसता एक लांबलचक नंबर असतो. तो नंबर म्हणजे कुठला गाऊन, कधी घेतला, किती वेळा धुतला, हे सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा, लॉगिन विभागाच्या नावाने करा. पेशंटचं नाव तर मुळीच जोडू नका.

हिशेबनीस
१५ जून, संध्याकाळी ५:१५

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. यात टॅग स्वस्त पडतो, रीडर आणि सॉफ्टवेअर महाग. म्हणून लहान हॉस्पिटलने सगळ्या चादरींना टॅग लावायला घेतले तर पैसे वसूल होणं कठीण, चादर स्वस्त असते आणि तिला बॅरियरचं आयुष्य नसतं. पण बॅरियर गाऊन महाग, थोडे, आणि धुलायांचा हिशेब गरजेचा, तिथे सुरू करा. भाड्याने रीडर मिळाला तर तीन महिने भाड्याने घ्या.

दुसरं, गाऊन हरवतात म्हणून मॅनेजमेंट एक दिवस म्हणेल की सगळे डिस्पोजेबल घ्या, कटकट नको. तेव्हा हे दाखवा: अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुन्हा वापरायच्या गाऊनला डिस्पोजेबलपेक्षा ६४ टक्के कमी ऊर्जा लागली, आणि घनकचरा ८४ टक्के कमी झाला, धुलाईचं पाणी वीज सगळं धरून. आपला गोवा केवढासा, कचरा टाकायला जागा कुठे आहे? साळगाव आणि काकोडा कचरा प्रकल्पांच्या वेळी किती वाद झाले ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

मांडवीकाठ
१५ जून, रात्री ८:००

मार्करचा प्रश्न विचारला होता, उत्तर मिळालं. ताई, पुढे काय होतं ते इथे नक्की लिहा.

सुरंगी
२१ सप्टेंबर, रात्री ९:०५

धागा वर काढतेय. चवथ झाली, पाहुणे गेले, आता निवांत लिहिते.

मेट्रन मॅडमनी साथ दिली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दीडशे बॅरियर गाऊनना टॅग लावले, हेमच्या दुमडीत, कोपऱ्यापासून वीतभर आत, जसं इथे सांगितलं तसंच. टेलरने पहिले चार चिपवरूनच शिवले, ते वाचलेच गेले नाहीत, उसवून नवे लावले. एक हातातला रीडर भाड्याने घेतला. लेखी ठरलं की माणसाचं नाव कुठेही नोंदायचं नाही, आणि ओटी आयसीयूत रीडर न्यायचा नाही, दारावर तसा कागद लावलाय.

पहिल्या महिन्याच्या शेवटी अकरा कमी. नेहमीसारखंच. पण या वेळी कुठले अकरा आणि शेवटचे कुठे दिसले ते कळत होतं. मग मी आणि मावशी रीडर घेऊन निघालो. चार सापडले गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. जुलैचा पाऊस, ड्रायर दोनदा बंद पडलेला, मावशीने दोरीवर टाकलेले आणि तीन दिवस झाले तरी दमट. ओले गाऊन गुंडाळून ऑटोक्लेव्हला लावले तर तो पॅक निर्जंतुक धरताच येत नाही, म्हणून ती ते खाली आणत नव्हती, बरोबरच करत होती! आणि रजिस्टरात ते हरवलेले. म्हणजे जी बाई नियम पाळत होती तिलाच आम्ही चोर ठरवत होतो. मी तिथे शेडमध्येच तिची माफी मागितली.

तीन निघाले डॉक्टरांच्या चेंजिंग रूममध्ये, थंडी वाजते म्हणून वरून घालायला ठेवलेले. दोन पेशंटबरोबर ॲम्ब्युलन्समधून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात गेले असणार, त्या रात्री दोन पेशंट घाईत हलवले होते आणि अंगावर पांघरायला हातात आलं ते घातलं, त्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नाही, माणूस आधी. एक पिवळ्या पिशवीत! गाडी यायच्या आधी अर्धा तास रीडर वाजला. पिवळी_पिशवी, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तिथे रीडर फिरवलाच नसता. आम्ही पिशवी उघडली नाही, उघडायची नसतेच, पण कुठे गेला ते लिहून ठेवलं. एक अजून सापडलेला नाही.

मळक्या बाजूची मोजणी आरएफवाले दादा म्हणाले तशीच कमी येते, भिजलेल्या पिशवीत दोनतीन सुटतात, पण धुवून सुकल्यावर आकडा भरतो. आता मळका गाऊन कुणी हाताने मोजत नाही. मला यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं.

धुलायांचं. जुन्या गाऊनच्या आधीच्या धुलाया माहीत नाहीत, म्हणून त्यांना खरेदीच्या तारखेवरून अंदाजे आकडा घातला, जरा जास्तच धरला. त्यातून तेवीस गाऊन एकदम कंडेम करावे लागले, अकाउंट्सवाले नाराज झाले. पण त्यातला एक कापून त्यावर पाणी ओतून मेट्रन मॅडमनी सगळ्यांसमोर दाखवलं, दुसऱ्या बाजूने थेंब पडले. मग कुणी काही बोललं नाही.

मावशीचा दुसरा हप्ता कापला गेला नाही. पहिला अजून परत मिळालेला नाही, तो महिना बंद झाला म्हणतात. मी मोजणीचे सगळे कागद जोडून अर्ज दिलाय, मॅडमची सही आहे त्यावर, आणि मिळेपर्यंत दर सोमवारी विचारायला जाणार आहे.

क्ष_किरण
२१ सप्टेंबर, रात्री ९:५०

वाचून खूप बरं वाटलं. लेड ॲप्रनचं काय?

सुरंगी
२१ सप्टेंबर, रात्री १०:००

सहा आहेत, सहाही सापडले, दोघांना भेगा निघाल्या, ते बाद केले. बाकीच्यांना कॉलरवर जीभ शिवून टॅग लावलेत, तारखेसकट.

मडकईचा_पोर
२१ सप्टेंबर, रात्री १०:३०

आईला वाचून दाखवलं. शेडमधलं ऐकून तिने डोळे पुसले. ती विचारते, तो रीडर रोज कोण धरतं? आणि जड असतो का?

सुरंगी
२१ सप्टेंबर, रात्री १०:४५

मावशीच धरते. तिला सांग, सुरुवातीला मनगट दुखायचं, आता तिने जुन्या गाऊनच्या पट्टीचा फास शिवून घेतलाय, तो हातात अडकवते. सकाळी पिशव्या झाल्या की आकडा मोठ्याने वाचून दाखवते, मी लिहिते, आणि एक प्रत ती घडी करून पर्समध्ये ठेवते.